गावात रेंज आली, वावरात कधी येणार?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलून झाले. ज्वारीच्या खरेदीवर बोलून झाले. आता आम्ही जो विषय काढणार आहोत तो ऐकून काही जण म्हणतील, ही मंडळी भावाचा मुद्दा सोडून मोबाइलच्या रेंजवर कुठे घसरली? शहरातल्या पोरांना सिनेमा अडकत अडकत दिसतो म्हणून ते ओरडतात, आपल्याला त्याचे काय?

भावांनो, आम्ही भावाचाच मुद्दा मांडतो आहोत. दहा मिनिटे ऐकून घ्या आणि मग ठरवा.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, मध्यम धाग्याचा ७,७१०. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क सरकारने उठवले. खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली राहिले. म्हणजे ज्याला हमीभाव पाहिजे त्याला सीसीआयच्या केंद्राशिवाय दार उरले नाही. आणि त्या दारात जायला त्या हंगामापासून ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधारची नोंदणी लागली, सातबारा लागला, पेऱ्याची नोंद लागली आणि माल कोणत्या दिवशी आणायचा त्याचा स्लॉटही फोनवरच घ्यावा लागला.

आमच्यातल्याच एकाची गोष्ट सांगतो. बारा क्विंटल कापूस घरात. मुलगा तीन रात्री फोन घेऊन बसला. ओटीपी येई तो मुदत संपल्यावर. कागदाचा फोटो अर्धा चढे आणि गोल गोल फिरत राही. चौथ्या दिवशी बापलेक एसटीने तालुक्याला गेले, तर तेच काम त्याच फोनवर चहा पिऊन होईपर्यंत झाले. पण तोवर जवळच्या केंद्राचे पुढचे स्लॉट भरलेले. घरात लग्नाचे देणे होते, थांबायला सवड नव्हती. माल व्यापाऱ्याला घातला, क्विंटलमागे सातशे रुपये कमी घेऊन. बारा साते चौऱ्याऐंशी, आठ हजार चारशे रुपये गेले. एवढ्या पैशात त्या घरातल्या दोन फोनचे वर्षभराचे रिचार्ज होऊन वर काही उरले असते.

त्या गावात टॉवर आहे. कंपनीच्या कागदावर तिथे फोर-जी आहे. आता सांगा, हा विषय भावाचा की रेंजचा?

काम फोनवर गेले, फोन वाऱ्यावर राहिला

पूर्वी तलाठ्याकडे गेलो की पीकपाणी लागत होते. चावडीवर बसून लिहिलेले असायचे, त्याबद्दल आपल्या तक्रारी होत्याच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपण करायची, फोटो वावरात उभे राहून काढायचा. तत्त्व चांगले आहे, आम्ही त्याचे स्वागतच केले. पण ती नोंद वावरातल्या शेतकऱ्याच्या हातात देताना वावरात लहरी पोचतात की नाही हे कुणी पाहिले? नोंद नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही. सातबाऱ्यावर पीक नाही तर खरेदी केंद्रावर नाव नाही, विम्याच्या दाव्यात अडचण, नुकसानभरपाईच्या यादीत वाद.

पुढे शेतकरी ओळख क्रमांक आला, किसान सन्मानची ई-केवायसी आली. सरकारचा प्रत्येक दरवाजा फोनमध्ये गेला. ज्याच्याकडे रेंज आहे त्याच्यासाठी हा दरवाजा चोवीस तास उघडा. ज्याच्याकडे नाही त्याला कुलूप. आणि कुलूप कुणी लावले ते दिसतही नाही. पूर्वी तलाठी जागेवर नसला तर निदान त्याची रिकामी खुर्ची दाखवता यायची.

आश्वासनांचा हिशेब

टेलिफोनच्या बाबतीत गावाला आश्वासने काही आजची नाहीत. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात लिहिले होते की १९९७ पर्यंत देशातल्या सगळ्या गावांपर्यंत टेलिफोन पोचेल. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले, दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम ऐकत होते. एक राजधानी बोलली, दुसरीने ऐकले. १९९७ साल आले आणि गेले. आपल्यातले जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना आठवत असेल, त्या वर्षी मुंबईला फोन लावायचा तर कुठल्या एसटीडी बूथवर किती वेळ उभे राहावे लागायचे.

२००२ पासून सरकारने एक निधी उभा केला, सार्वत्रिक सेवा निधी. कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के त्यात जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी केले. कंपन्यांचा महसूल म्हणजे काय? तुमचे-आमचे रिचार्ज. तेव्हा जिथे धंदा परवडत नाही तिथे टॉवर उभा करण्याचे पैसे आपण रिचार्जमधूनच भरत आलो आहोत. कुणी गावात टॉवर आणून फीत कापली की त्याला हार घालण्याआधी एवढे ध्यानात ठेवा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना फोर-जी द्यायचे ठरवले. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. आपल्या राज्याचे आकांक्षित जिल्हे चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. जुलै २०२२ मध्ये आणखी एक मंजुरी झाली, २४,६८० गावे आणि २६,३१६ कोटी रुपये, काम बीएसएनएलकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या देशी फोर-जीचे उद्घाटन ओडिशातल्या झारसुगुडा येथे झाले.

फाइव्ह-जीचा वेग पाहा. लिलाव २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा. सेवा सुरू १ ऑक्टोबर २०२२ ला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सरकार सांगू लागले की देशातल्या ९९ टक्क्यांहून अधिक जिल्ह्यांत फाइव्ह-जी पोचले. हे काम लहान नाही. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण आता हा ‘९९ टक्के’ शब्द जरा हातात घेऊन चोळून पाहू. सरकीसकट वजन केले आहे की रुईचे, ते कळले पाहिजे.

कशाची गणती?

‘९९ टक्के जिल्हे’ म्हणजे जिल्ह्यात कुठेतरी सेवा सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी बसस्टँडजवळ टॉवर लागला की तो जिल्हा यादीत आला. गावांची गणतीही तशीच आहे. सप्टेंबर २०२४ ची सरकारी आकडेवारी सांगते की देशातल्या ६,४४,१३१ गावांपैकी सुमारे ६,२३,६२२ गावांत मोबाइलची सेवा आहे. पण गाव म्हणजे काय? कागदावर गाव म्हणजे एक नाव. आपल्यासाठी गाव म्हणजे गावठाण, त्याच्या पलीकडचा तांडा, नाल्यापलीकडची वस्ती, आणि दोन-तीन कोस पसरलेले शिवार. पारावर दोन काड्या दिसल्या म्हणजे गाव झाले. शेवटच्या धुऱ्यावर फोन मुका.

ही लबाडी आपल्याला नवी नाही. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, पाऊस तिथे पडला, आपल्या शिवारात पऱ्हाटी वाळली. कागद म्हणतो मंडळात पाऊस पुरेसा, विमा नामंजूर. पैसेवारी काढताना काय होते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. सरासरीच्या पोटात कोरडवाहू शेतकरी कसा गडप होतो हे आपण दोन पिढ्या भोगले आहे. मोबाइलचेही तसेच. परवान्याच्या हिशेबात मुंबई वेगळी, आणि बाकीचा सगळा महाराष्ट्र गोव्यासकट एकच क्षेत्र. पुणे, नागपूर, पणजी आणि तुमचा तांडा एकाच सरासरीत. अशा सरासरीत कुठली कंपनी नापास होईल?

भरपाईचा नियमही बघा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला ट्राय म्हणतात त्याने, २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. एखाद्या जिल्ह्यातली सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद पडली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. चांगला नियम. पण मोजमाप जिल्ह्याचे. तुमच्या गावचा एकटा टॉवर चार दिवस मुका असला तर जिल्हा काही बंद पडत नाही. तुमच्या रिचार्जचे चार दिवस मात्र जळतात.

लहरींचे गणित

आता थोडे तंत्र समजून घेऊ. न समजता भांडलो तर समोरचा साहेब दोन इंग्रजी शब्द टाकून आपल्याला वाटेला लावतो.

भजनात पखवाजाचा आवाज दूरच्या आळीत ऐकू येतो. टाळांचा आवाज देवळाच्या आवारात खणखणीत, पण वाऱ्यावर लांब जात नाही. लहरींचे तसेच आहे. खालच्या पट्टीच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, पण त्यांच्यावर माल कमी लादता येतो. वरच्या पट्टीच्या लहरींवर भरपूर माल लादता येतो, पण त्या लवकर थकतात, झाडाने, भिंतीने अडतात. फाइव्ह-जीसाठी २०२२ मध्ये विकलेल्या पट्ट्यांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पखवाजासारखा, ३,३०० मेगाहर्ट्झचा टाळांसारखा, आणि २६ गिगाहर्ट्झचा तर त्याहून जवळच्याजवळ. शहरात दाट टॉवर लावता येतात, तिथे टाळ चालतात. आपल्याकडे घरे विरळ, शिवार लांब, मध्ये टेकड्या. आपल्या कामाला पखवाज पाहिजे. म्हणून ‘फाइव्ह-जी आले का?’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ‘कुठल्या पट्ट्यावर आले?’ हे विचारा. पुष्कळ ठिकाणी आपल्याला फाइव्ह-जीच्या आधी धड चालणारे फोर-जी मिळाले तरी निम्मी कामे मार्गी लागतील.

दुसरी गोष्ट. टॉवर म्हणजे पाण्याची टाकी समजा. टाकी उंच आहे, नळ नवा आहे, पण टाकीत पाणी येते कुठून? टॉवरला मागून जोडणी लागते. ती जमिनीखालच्या काचतंतूच्या तारेने असते, किंवा दुसऱ्या टॉवरवरून लहरींनी आणलेली असते. ग्रामपंचायतीपर्यंत तार पोचवायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात, २०२३ मध्ये तिच्यासाठी पुन्हा १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी बसली आहे आणि तिच्यावर धूळ साचली आहे, असे दृश्य ज्यांनी पाहिले नाही त्यांनी हात वर करा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरी गोष्ट वीज. टॉवरला वीज लागते. भारनियमन झाले की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल. बॅटरी जुनी झाली किंवा डिझेल आले नाही की टॉवर झोपला.

यावरून रोग ओळखायचा कसा ते सांगतो. फोनवर काडीच नाही, तर लहर पोचत नाही, टॉवर लांब आहे किंवा आडवी टेकडी आहे. काड्या पूर्ण आहेत पण काम होत नाही, तर बहुधा मागची जोडणी तोकडी आहे. पहाटे चालते आणि रात्री आठला चालत नाही, तर एका टॉवरवर माणसे जास्त झाली. वीज गेल्यावर तासाभरात रेंज जाते, तर बॅटरीचे दुखणे. चार रोग आणि चार औषधे. ‘रेंज नाही हो’ एवढेच ओरडलो तर एकाचेही औषध मिळणार नाही.

वही ठेवा

या चळवळीने शेतकऱ्याला पहिली गोष्ट कुठली शिकवली असेल तर ती हिशेब मांडायची. उत्पादनखर्च कागदावर मांडला तेव्हा दिसले की आपण आळशी नव्हतो, व्यसनी नव्हतो, लुटले जात होतो. तोवर सरकारचा आकडा एकटाच होता, म्हणून तोच खरा होता. आज टॉवरच्या बाबतीत कंपनीचा आकडा एकटा आहे. त्याच्यासमोर आपला आकडा ठेवायचा आहे.

काम फार नाही. गावात एक शंभर पानी वही करा. तीन ठिकाणे ठरवा : एक पार किंवा ग्रामपंचायत, दुसरे तांडा किंवा वस्ती, तिसरे शिवाराचे टोक, गट नंबर लिहून. महिन्यातून दोन दिवस ठरवा, बाजाराचा एक आणि साधा एक. दिवसातून तीन वेळा, सकाळी, भर दुपारी आणि रात्री आठला, त्या ठिकाणी उभे राहून तपासा. फोन तोच ठेवा. फोन बदलला की माप बदलते, जसा काटा बदलला की वजन बदलते.

लिहायचे काय? तारीख, वेळ, ठिकाण, कंपनी. फोन लागला का? बोलणे मध्ये तुटले का? ओटीपी किती मिनिटांत आला? पिकाचा एक फोटो पाठवला तर किती वेळात गेला? वीज होती का? एवढे पुरे.

ज्या घरात शिकलेली पोरगी किंवा पोरगा आहे तिथे आणखी दोन गोष्टी करता येतील. ट्रायचे ‘माय स्पीड’ नावाचे ॲप आहे, ते वेग मोजते. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवायला उतरण्याचा वेग किमान २ एमबीपीएस लागतो. तुमच्या वावरात तो आकडा पाऊण येत असेल तर तसे लिहा. दुसरे, बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये सिमची स्थिती दाखवणारे पान असते, तिथे लहरीची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ८० चांगले, उणे १०० साधारण, उणे ११० च्या पलीकडे गेले की फोन कसाबसा जीव धरून आहे असे समजा. कोपऱ्यात फोर-जी लिहिले आहे की फाइव्ह-जी, त्यावर भुलू नका. पाटी कापड दुकानाची असली म्हणून आत कापड असेलच असे नाही.

एक विनंती मायबहिणींना. ही वही तुमच्या हातात असली तर जास्त खरी होईल. वेचणीला तुम्ही वावरात असता, पारावर नसता. कुणाला साप चावला, कुणी विजेच्या तारेला चिकटले, तर पहिला फोन तुम्हाला करायचा असतो. कुठल्या धुऱ्यावर चढले की फोन लागतो हे तुम्हाला पाठ आहे. तेच वहीत आले पाहिजे.

वही घेऊन जायचे कुठे?

पहिले, कंपन्यांचाच नकाशा. २०२४ च्या नियमांनी प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर नकाशा लावावा लागतो, कुठे टू-जी, कुठे फोर-जी, कुठे फाइव्ह-जी, असा. आपल्या गावाचा नकाशा उघडा, छापून घ्या. नकाशात रंग आहे आणि वहीत शून्य आहे, असे जिथे जिथे निघेल तिथे लाल खूण करा. तो लाल खुणांचा कागद हे आपले हत्यार. आपण वेगळे काही मागत नाही. तुम्ही जे आहे म्हणता ते दाखवा, एवढेच म्हणतो.

दुसरे, तक्रार. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नंबर नसलेली तक्रार म्हणजे पावती नसलेले माप. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. एक लक्षात ठेवा, ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज टाकून वाट पाहू नका. कंपनीकडे दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे जायचे.

तिसरे, माहितीचा अधिकार. खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही. पण बीएसएनएल सरकारी आहे, दूरसंचार विभाग सरकारी आहे, निधी सरकारी आहे. आपल्या तालुक्यातली कुठली गावे योजनेत आहेत, मंजुरी कधी, टॉवर उभा कधी, चालू कधी, हे चार प्रश्न तिथे विचारता येतात. उभा राहिला आणि चालू झाला यांत महिन्यांचे अंतर असते, त्या दोन तारखा वेगवेगळ्या मागा.

चौथे, गिऱ्हाईक म्हणून आपली ताकद. २०११ च्या जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर पाठवला की काम सुरू होते. एकट्याने कंपनी सोडली तर तिला काही फरक पडत नाही. गावाने मिळून, वही पाहून, सांगून सोडली तर पडतो. आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने इंटरनेटचे पैसे कशाला भरायचे? डिसेंबर २०२४ च्या नियमाने फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवणे कंपन्यांना भाग पडले आहे. दुकानदार दाखवत नसेल तर मागून घ्या.

दोन सावधगिऱ्या

‘तुमच्या वावरात टॉवर बसवतो, महिन्याला एवढे भाडे, घरातल्या एकाला नोकरी, फक्त आगाऊ अमुक रक्कम भरा’ असे फोन येतात. शिक्का मारलेले पत्रही येते. हे शंभर टक्के फसवे. टॉवर बसवायला सरकार किंवा ट्राय कुणाला असे पत्र देत नाही आणि जागेच्या मालकाकडून कुणी पैसे घेत नाही. जागा तुमची असेल तर भाडे त्याने तुम्हाला द्यायचे असते. उलटा व्यवहार दिसला की फोन बंद करा आणि गावाला सांगा.

दुसरे, काही गावांत टॉवर आला की लोक किरणांच्या भीतीने अडवतात. भीतीची टिंगल आम्ही करत नाही. आपल्या देशाने २०१२ च्या सप्टेंबरपासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर ठेवली आहे. शंका असेल तर सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर जवळच्या टॉवरची माहिती पाहता येते, मोजणीही मागता येते. मोजून घ्या, मग ठरवा. ऐकीव गोष्टीवर टॉवर परत पाठवला तर पुढची दहा वर्षे धुऱ्यावर चढून ओरडावे लागेल.

लहरी कुणाच्या?

शेवटचा मुद्दा. काही जण म्हणतील, खासगी कंपन्या आहेत, त्यांना परवडेल तिथे जातील, आपण कोण सांगणारे? आपली चळवळ खुल्या बाजाराच्या बाजूची आहे आणि आम्हीही त्याच बाजूचे आहोत. शरद जोशींनी बाजारपेठेचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले, तेव्हा ते शेतकऱ्यासाठी मागितले होते. स्वतः टपाल खात्यात आणि बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत नोकरी करून ते शेतीत उतरले होते. निरोप वेळेवर पोचण्याची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती.

पण बाजार म्हणजे करार, आणि करार म्हणजे दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे तुमच्या वावरावरून जाणारी लहर कंपनीच्या बापजाद्यांची नाही, सरकारचीही नाही, ती लोकांची आहे, सरकार फक्त विश्वस्त. कंपनीने ती काही वर्षांसाठी घेतली आहे, अटींवर घेतली आहे. त्या अटी शहराच्या, जिल्ह्याच्या ठिकाणाच्या, तालुक्याच्या गणतीने लिहिल्या जातात, शिवाराच्या गणतीने कुणी लिहीत नाही. पुढच्या लिलावाच्या अटींत शिवार आले पाहिजे, ही आपली मागणी. आणि तोवर, जोपर्यंत वावरात रेंज नाही तोपर्यंत फोनवरून नोंद झाली नाही म्हणून कुणाचे पीक नाकारायचे नाही, कुणाची खरेदी अडवायची नाही, तलाठ्याकडे आणि खरेदी केंद्रावर कागदाचे दार उघडे ठेवायचे, ही दुसरी मागणी. ही दुसरी मागणी आधी. टॉवर यायला वर्ष लागेल, कापूस तेवढा थांबत नाही.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

१. प्रत्येक गावशाखेने येत्या बाजाराच्या दिवसापासून वही सुरू करावी. वहीची जबाबदारी एका बाईकडे आणि एका तरुणाकडे द्यावी.

२. तीन महिन्यांच्या वह्या तालुक्याला एकत्र करून कंपन्यांच्या नकाशाशी ताडून पाहाव्यात आणि लाल खुणांचा तालुका नकाशा जिल्हाधिकाऱ्यांना समक्ष द्यावा.

३. प्रत्येक ग्रामसभेत ठराव घ्यावा की रेंज नसलेल्या गटांची पीकनोंद कागदावर स्वीकारावी. ठरावाला वहीची पाने जोडावीत.

४. खरेदीच्या हंगामात ज्या गावात रेंज चालते त्या गावच्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या मुक्या गावांच्या नोंदण्या करून द्याव्यात. पैसे घेऊ नयेत. ओटीपी मालकानेच वाचून सांगावा, मालकाचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये.

चौथी गोष्ट उद्यापासूनच करता येते. तिला सरकार लागत नाही, कंपनी लागत नाही. ज्या घराचे आठ हजार चारशे रुपये गेले, त्याच्या शेजारच्या गावात रेंज होती. मध्ये चार किलोमीटरचा रस्ता होता. आपल्याला माहीत नव्हते आणि त्याने विचारले नाही. यंदा तसे होऊ देऊ नका.

पुढच्या मेळाव्याला येताना भाकरीच्या फडक्यात वही बांधून आणा. भाषणे कमी करू, वह्या वाचू.